धुतल्यावर गाडी वाळवायची कशी: चरे आणि पांढरे डाग टाळायची रीत

गाडी मन लावून धुणारे पुष्कळ आहेत. शाम्पू चांगला आणतात, चाकांना वेगळी बादली घेतात आणि मग घरातलं जुनं बनियन काढून बोनेट गोल गोल पुसायला लागतात. गाडी उन्हात उभी केल्यावर जे बारीक गोलाकार चरे चमकतात, त्यातले बरेचसे या शेवटच्या दहा मिनिटांतले असतात. दुसरी मंडळी याच्या उलट करतात. हातच लावायचा नाही, गाडी वाऱ्यावर सोडून द्यायची. त्यांच्या गाडीवर चरे कमी आणि पांढरे ठिपके जास्त.

दोन्हींवर उपाय एकच आहे: कापड लागायच्या आधीच बहुतेक पाणी गाडीवरून उतरवायचं आणि उरलेलं न घासता टिपून घ्यायचं. खालचे टप्पे त्याच क्रमानं आहेत. क्रम बदलला की फायदा जातो.

## आधी दोन गोष्टी समजून घ्या

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. मातीत वाळूचे जे बारीक कण असतात, ते या थरापेक्षा कितीतरी कठीण. असा एक कण फडक्याखाली अडकला आणि तुम्ही दाबून पुसलंत, तर जितका हात फिरला तितका लांब चरा पडतो. पॉलिश करून चरा घालवता येतो, पण त्यासाठी हाच थर थोडा खरवडावा लागतो. तो परत वाढत नाही.

पांढऱ्या डागांचं कारण पाण्यातच असतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. सांगली जिल्ह्यातल्या मिरज, पलूस, वाळवा भागातल्या क्षारपड रानात पाणी वाळल्यावर जमिनीवर पांढरा थर दिसतो, तीच क्रिया तुमच्या बोनेटवर प्रत्येक थेंबात होत असते. ऊन जितकं कडक, तितका थेंब लवकर वाळतो आणि डाग तितका घट्ट बसतो.

## टप्पा १: पाणी तपासा

टीडीएस म्हणजे एका लिटर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. ते मोजायचा मीटर काही शे रुपयांत मिळतो. एकदा घेतला की घरच्या आरओलाही उपयोगी पडतो. नळाचं, बोअरचं आणि आरओचं पाणी वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन मोजा.

आकडा काय सांगतो ते बघा. १००० टीडीएसचं एक लिटर पाणी गाडीवर वाळलं, तर एक ग्रॅम क्षार गाडीवरच राहतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही मर्यादा धरली आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे पाणी पिण्याजोगं असलं म्हणून ते गाडीवर डाग पाडणार नाही असं नाही. माझा हिशेब असा: आकडा १००च्या आत असेल तर निवांत पुसा. ३००च्या वर गेला तर गाडी तुकड्यातुकड्यांनी धुवून तिथल्या तिथे पुसा. जत किंवा कवठे महांकाळकडच्या एखाद्या बोअरला तो ५००च्या पुढे दिसला, तर शेवटचं पाणी आरओचं घ्या. लहान गाडीला दहा लिटरच्या आसपास पुरतं.

इथे दोन गैरसमज आहेत, दोन्ही महागात पडतात.

पहिला आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचा. ते साठवून गाडी धुणं ही चांगली सवय आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. पहिली धूळ उडवायला, चाकांना, फूटमॅटला ते खुशाल वापरा. शेवटच्या धुण्याला नको.

दुसरा सोसायटीच्या सॉफ्टनरचा. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्या जागी सोडियम देतो, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. डाग पडतातच, फक्त ते सहज निघतात. सॉफ्टनर आहे म्हणून गाडी तशीच सोडून देऊ नका.

## टप्पा २: सामान जमवा, तेही गाडी ओली करण्याआधी

गाडी भिजल्यावर टॉवेल शोधायला घरात गेलात की निम्मं पाणी तिथेच वाळतं. हे सगळं आधी स्वच्छ बादलीत किंवा झाकणाच्या डब्यात काढून ठेवा:

- गाडी वाळवण्याचे दोन मोठे मायक्रोफायबर टॉवेल, साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरचे. पिळदार धाग्यांचे, ६०० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये) किंवा त्याहून जाड.
- दारांच्या कडा आणि फटींसाठी दोन-तीन लहान मायक्रोफायबर, ३०० ते ४०० जीएसएमचे.
- काचांसाठी एक वेगळा.
- चाकांसाठी एक जुना, आणि तो वेगळ्या रंगाचाच. रंग वेगळा असला की घाईत चूक होत नाही.
- पाईप. तोंडाला लावलेली तोटी किंवा गन निघणारी हवी. पाईप नसेल तर झाडांना पाणी घालायची झारी, पुढची जाळी काढून.

टॉवेलची कडा हातानं चाचपून बघा. कडक शिवण किंवा कंपनीचं लेबल असेल तर लेबल कापून टाका, आणि शिवण फार कडक असेल तर तो टॉवेल काचेला ठेवा. नवीन टॉवेल एकदा धुतल्याशिवाय वापरू नका, त्याचे सुटे तंतू निघायचे असतात. मऊपणाबद्दल शंका असेल तर जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर दाबून घासून बघा. तिथे रेघा उठल्या, तर तो टॉवेल रंगावर नको.

आता काय वापरू नये ते. बनियन, पंचा, जुन्या साडीचा तुकडा, अंगाचा टॉवेल, बाजारात मिळणारं पिवळं शॅमॉय. सुती कापड हाताला मऊ लागतं, पण कण आत ओढून घ्यायला त्याच्यात खोली नसते. शॅमॉय तर सपाटच असतं, त्यात अडकलेला कण रंग आणि कापड यांच्या मध्येच फिरत राहतो. रबरी पट्टीचा हातवायपर काचेपुरता ठेवा. बोनेटवर त्याच्या पट्टीखाली एक कण आला, तरी सरळ लांब रेघ पडते.

थांबा: द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर किंवा पाठीवरचा पंप गाडीसाठी वापरायचा मोह टाळा. टाकीत आणि नळ्यांत गंधक आणि मोरचुदाचा अंश राहतो. एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या पंपानं गाडी धुवायला हरकत नाही. मात्र तो फक्त धुण्यासाठी असेल तरच, आणि शेवटचं पाणी मारताना गन काढूनच.

## टप्पा ३: जागा आणि वेळ

सावली हवी, आणि खाली माती नसलेली जागा हवी. झाडाखालची सावली सोयीची वाटते, पण चिंच किंवा आंब्याखाली ओल्या गाडीवर पाला आणि चिकट थेंब पडत राहतात. पत्र्याची शेड किंवा इमारतीची सावली त्यापेक्षा बरी.

एप्रिल-मेमध्ये पहाटे, साडेसहा-सातच्या आत पुसून झालं पाहिजे. संध्याकाळी धुणार असाल तर गाडी आधी तासभर सावलीत उभी करा. लांबून, समजा कोल्हापूरहून, आत्ताच आला असाल, तर इंजिनच्या उष्णतेनं बोनेट वरून सावलीत असूनही तापलेलं असतं.

तपासणी: तळहाताची मागची बाजू बोनेटवर पाच सेकंद ठेवा. ऊब जाणवली तरी थांबा.

गळिताच्या हंगामात आणखी एक बघायला लागतं. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की धुराड्यांची राख आणि जळक्या उसाची काजळी वाऱ्यावर येते. आपल्याकडे वारा कोणत्या बाजूनं आहे ते बघून गाडी आडोशाला घ्या. ओल्या बोनेटवर काळे कण पडताना दिसले, तर ते पुसू नका, पाण्यानं वाहवून टाका.

## टप्पा ४: शेवटचं पाणी मंद सोडा

बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे.

शाम्पू पूर्ण निघाल्यावर पाईपची तोटी काढा. नळ इतकाच उघडा की पाणी पाईपमधून उडणार नाही, नुसतं ओघळेल. पाईपचं तोंड पत्र्यापासून तीन-चार बोटं वर धरा, पितळी जोड रंगाला लागू देऊ नका. टपाच्या, म्हणजे गाडीच्या छताच्या, मधोमध सुरुवात करून हळूहळू कडेला या. पाण्याचा अखंड पडदा तयार होतो आणि तो पुढे सरकताना मागचे थेंब स्वतःबरोबर ओढून नेतो. मागे पत्रा जवळजवळ कोरडा दिसायला लागतो. टप झाला की पुढची काच, मग काचेच्या बुडापासून बोनेट, नंतर मागची काच आणि डिकी, शेवटी दारं वरून खाली.

फवारा मारला तर हजार लहान थेंब बसतात. धार मंद सोडली तर तेच पाणी एकत्र येऊन घसरतं. गाडीला वॅक्स किंवा कोटिंग असेल तर फरक लगेच दिसतो. रंग जुना आणि उघडा असेल तर पाणी चिकटून राहतं. अशा वेळी धार आणखी मंद करा आणि घाई करू नका.

आरओचं पाणी वापरणार असाल तर ते याच टप्प्यात, झारीनं, याच क्रमानं. आधी बोअरचा पडदा, त्यावर आरओचा.

उन्हाळ्यात अख्खी गाडी एका दमात धुवायचा हट्ट नको. टप, काचा आणि बोनेट धुवून वाळवा, मग दारं धुवा. दारं धुताना वर उडालेले थेंब लगेच टिपून घ्या.

तपासणी: खाली वाकून दाराच्या खालच्या तिसऱ्या भागाकडे तिरकं बघा. मातीची रेघ किंवा खालच्या कडेची धूळ दिसली तर परत धुवा. घाण राहिलेल्या गाडीवर टॉवेल फिरवणं म्हणजे स्वतःच्या हातानं चरे पाडणं.

## टप्पा ५: वारा, मिळाला तर

हातात धरायचा विजेवरचा लहान ब्लोअर घरात असेल तर इथे काढा. त्याचं मुख्य काम पत्रा वाळवणं नाही, फटींमधलं पाणी बाहेर काढणं आहे: आरशांच्या खोबणी, दारांच्या दांड्या, पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, नंबरप्लेटची मागची बाजू, पेट्रोलचं झाकण, चाकांचे नट. पुसून झाल्यावर याच जागांतून ओघळ येतात आणि डाग पडतात. वारा वरून खाली, एकाच दिशेनं. नळी जमिनीकडे रोखू नका, नाहीतर अंगणातली धूळ उडून परत गाडीवर बसेल.

ब्लोअर जमिनीवरच्या पाण्यापासून लांब ठेवा आणि ओल्या हातानं प्लग काढू-घालू नका. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून घ्यायची असेल तर आधी ती पांढऱ्या कागदावर मारून बघा. पुष्कळदा तिच्यातून तेल आणि पाणी येतं.

ब्लोअर नसला तरी काही अडत नाही. दारं, डिकी एकदा उघडून हलकेच बंद करा, आरसे घडी करून उघडा. बरंचसं पाणी तेवढ्यानं गळून पडतं.

## टप्पा ६: टॉवेल अंथरा, ओढा, उचला

इथे पुसणं हा शब्द डोक्यातून काढून टाका.

१. मोठा टॉवेल किंचित ओलसर करून घ्या. अगदी कोरडा टॉवेल सुरुवातीला पाणी नीट ओढत नाही आणि रंगावर अडखळतो.

२. टॉवेल पूर्ण उलगडून टपावर अंथरा. तळहातानं दाबू नका. पाच-सात सेकंद पाणी शोषू द्या.

३. जवळची दोन टोकं दोन्ही हातांनी धरून सरळ स्वतःकडे ओढा. टॉवेलच्या वजनाइतकाच भार पुरे आहे.

४. कडेला आलात की टॉवेल उचला. तसाच उलटा ढकलू नका.

५. राहिलेले थेंब टॉवेलची घडी करून टिपा, कपाळावरचा घाम टिपतो तितक्या हलक्या हातानं.

क्रम असा: टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, तेही दुसऱ्या टॉवेलनं. आडव्या भागांवर पाणी थांबतं म्हणून ते आधी, खालच्या भागात घाण जास्त म्हणून तो नंतर.

टॉवेल जड झाला, मागे पाण्याचा पट्टा सोडू लागला, की पिळा किंवा दुसरा घ्या. जड टॉवेलवर माणूस नकळत जोर लावतो आणि चुका तिथेच होतात.

पत्रा ओला असतानाच क्विक डिटेलर (धुतलेल्या रंगावर मारायचं चमक देणारं द्रव) किंवा स्प्रे वॅक्सचे एक-दोन फवारे मारले तर टॉवेल सहज घसरतो. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांना मी हे आवर्जून सांगतो, त्यांच्यावर प्रत्येक चरा दिसतो. पुढच्या काचेवर मात्र मारू नका, पावसात वायपर फिरल्यावर समोर धुरकट पट्टा येतो. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉन पॉलिश या कामाचं नाही.

थांबा: टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता संपला. झटकून, विसळून परत घेऊ नका. दुसरा टॉवेल ठेवायला सांगितला तो याचसाठी.

तपासणी: टप झाल्यावर टॉवेल उलटून बघा. तपकिरी किंवा काळा पट्टा उमटला असेल तर गाडी स्वच्छ झालेली नाही. इथेच थांबा, परत शाम्पूपासून सुरू करा. वेळ जाईल, पण रंग वाचेल.

## टप्पा ७: कडा आणि फटी

लहान टॉवेल घ्या. चारही दारं उघडा, चौकटीच्या कडा, उंबऱ्याचा भाग, दाराची खालची कड आणि रबरी बीडिंग पुसा. इथे वंगण आणि माती असते, म्हणून हा टॉवेल परत रंगावर जाणार नाही. डिकीच्या चौकटीतल्या पन्हाळीत पाणी साचतं, ते टिपलं नाही तर डिकी उघडताच आत सामानावर पडतं. बोनेट उचलून त्याची आतली कड आणि काचेच्या बुडाशी असलेली जाळी पुसा.

## टप्पा ८: चाकं आणि ब्रेक

चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते. जुना, वेगळ्या रंगाचा टॉवेल इथे, आणि तो इथलाच.

गाडी ओली असताना हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवू नका. मागे ड्रम ब्रेक असतील तर लायनर ड्रमला चिकटून बसतो आणि सकाळी चाक सुटत नाही. डिस्कवर तांबूस गंज धरतो तो वेगळाच, पण तो चार-दोन ब्रेक मारल्यावर निघून जातो. म्हणून गाडीचं अंग पूर्ण वाळल्यावर डांबरी रस्त्यावर एक छोटी फेरी मारा, हलके ब्रेक लावत. परत आल्यावर आरशाखाली, दांड्यांखाली ओघळ आलेले दिसतील, ते टिपा.

ही फेरी आणि ‘गाडी पळवली की वाळते’ हा समज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओलं अंग घेऊन रस्त्यावर गेलात तर धूळ चिकटते, पाणी वाऱ्यानं उडून क्षार राहतात, आणि घरी येऊन तीच धूळ तुम्ही फडक्यानं पुसता. फेरी अंग वाळल्यावरच.

पुसून लगेच कव्हरही घालू नका. फटींतला ओलावा आत कोंडतो. दोन-तीन तास जाऊ द्या.

## वॉशिंग सेंटरवर धुणार असाल तर

तिथल्या मुलांचं काम वेगाचं असतं, एकच फडका दिवसभर अनेक गाड्यांवर आणि चाकांवर फिरतो. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना तेवढाच वेळ मिळतो. आपले दोन टॉवेल सोबत न्या आणि आधीच सांगा: “दादा, पाणी मारून द्या, पुसू नका. मी पुसतो.” शेवटचं पाणी गन लांब धरून मंद मारायला सांगा, गाडी शेडच्या सावलीत घ्या आणि टप्पा ६ पासून सुरू करा.

सोसायटीत रोज सकाळी बादली घेऊन गाडी पुसणारे येतात त्यांच्याबद्दलही तेच. कोरड्या धुळीवर ओला फडका फिरवणं हे धुण्यापेक्षा जास्त नुकसान करतं. त्यांना काचा, आरसे आणि आतली साफसफाई सांगा, पत्र्याला हात लावू नका म्हणावं.

## डाग राहिलेच तर

आजचाच डाग असेल तर थोडं आरओचं पाणी किंवा क्विक डिटेलर मारून टिपा, बहुधा निघतो.

दोन-चार दिवसांचा असेल तर किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि साधं पाणी निम्मं-निम्मं करा. गाडी धुतलेली, सावलीत, पत्रा थंड. मायक्रोफायबर त्यात भिजवून डागावर एक मिनिट नुसता ठेवा, मग हलकेच उचला, भरपूर पाण्यानं धुवा आणि वर सांगितल्याप्रमाणे वाळवा. त्या जागचं वॅक्सही निघून जातं, ते परत लावा. क्रोमच्या पट्ट्यांना आणि उघड्या ॲल्युमिनियमला व्हिनेगर लावून ठेवू नका.

लिंबू-मीठ, टूथपेस्ट, भांड्यांची घासणी, बाथरूमचं ॲसिड यांपैकी काहीही नको. व्हिनेगरनंतरही डागाची गोल कड दिसत राहिली तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्ला आहे. तो मशीन पॉलिशनंच जातो. काम द्यायचं असेल तर रंगाची जाडी मोजायचं मीटर वापरणाऱ्याकडेच द्या, आणि आधी मोजून घ्यायला सांगा.

## टॉवेल धुणं

टॉवेल नीट धुतला नाही तर पुढच्या खेपेला वरचे सगळे टप्पे पाळूनही चरे पडतात. कोमट पाणी, ४० अंशांच्या आत. लिक्विड डिटर्जंट घ्या, कारण कठीण पाण्यात पावडर नीट विरघळत नाही आणि तिचा चुरा धाग्यांत बसतो. कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात नको, त्यानं धागे बुजतात आणि टॉवेल पाणी ओढत नाही. ब्लीच आणि इस्त्रीही नको. सुती कपड्यांबरोबर टाकलात तर त्यांचे तंतू टॉवेलला चिकटतात आणि पुढच्या वेळी गाडीभर पांढरे तंतू दिसतात.

बोअरच्याच पाण्यात धुवावं लागत असेल तर शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर घाला. सावलीत, दोरीवर वाळत घाला. कंपाउंडच्या भिंतीवर किंवा मेंदीच्या कुंपणावर टाकला तर सिमेंटची कच आणि काटक्या आत शिरतात. वाळल्यावर हात फिरवून बघा, काही टोचलं तर ते काढा, निघत नसेल तर टॉवेल खालच्या कामाला द्या. पूर्ण वाळल्यावरच घडी करून झाकणाच्या डब्यात ठेवा, डिकीत उघडा टाकू नका.

रंगावरचा टॉवेल जुना झाला की दारांच्या कडांना, तिथून चाकांना, तिथून इंजिनाला. खाली गेलेला टॉवेल, कितीही स्वच्छ धुतला तरी, परत वर आणायचा नाही.